मटारचा हंगाम आणि पावणेसहाची भूक

हे प्रकरण आमच्याच घरातलं. सुरू झालं तेव्हा थोरली साडेचार वर्षांची होती आणि धाकटा दहा महिन्यांचा. सकाळचा स्वयंपाक बायको करते, संध्याकाळचा मी. तिचं काम माझ्यापेक्षा दीड तास उशिरा संपतं, एवढंच त्यामागचं कारण. वर्षातले काही महिने माझी आई आमच्याकडे असते. ती या हकिकतीत मधूनमधून येईल. बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघालं, सगळ्याच वेळा नाही.

तक्रार एका वाक्याची होती: थोरली भाज्या खात नाही. हे वाक्य आम्ही इतक्यांना ऐकवलं होतं की तीही ते म्हणायला लागली. पाहुण्यांसमोर छाती काढून सांगायची, "मी भाज्या खात नाही." मूल स्वतःबद्दलचं एखादं वाक्य असं पाठ करून बसलं की ते पुसायला वेळ लागतो. त्यातला आमचा हात नंतर लक्षात आला.

एका रविवारी बायको वैतागून म्हणाली, "खात नाही म्हणजे नेमकं काय खात नाही, ते एकदा लिही तरी." म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आठवडाभर नोंदी केल्या. त्यात दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्ही अनपेक्षित होत्या. पहिली म्हणजे ती भाज्या खातच नव्हती असं नाही. बटाटा, काकडी आणि सूपमधला टोमॅटो विनातक्रार जात होता. नाकारलेल्या भाज्यांची यादी मात्र लांब होती, कारण "विविधता हवी" म्हणून आम्ही रोज वेगळी भाजी करत होतो. एकच भाजी तिच्या ताटात परत यायला आठ-नऊ दिवस लागायचे. म्हणजे दर वेळी तिच्या दृष्टीने ती नवीनच. आज कोबी, उद्या फरसबी, परवा बीट: पोरीला रोज एका अनोळखी पाहुण्याशेजारी बसवायचं आणि "बोल ना त्याच्याशी" म्हणायचं, असा तो प्रकार.

दुसरी नोंद वेळेची. सगळी भांडणं सात ते साडेसातच्या दरम्यान झाली होती. आणि सातही दिवस पावणेसहाला, मी घरात पाऊल टाकून कांदा हातात घेईपर्यंत, तिने बिस्किटं मागितली होती. धाकटा कडेवर, गॅसवर कुकर, बिस्किटाचा पुडा हाताशी. मी देत होतो. सातला ताट समोर यायचं तेव्हा तिची भूक भागलेली असायची, आणि भूक नसताना कोण कशाला फरसबी खाईल?

मग आम्ही जे ठरवलं त्यामागे फारसा विचार नव्हता, थकवा होता. "आज काय करायचं" हा प्रश्न रोज संध्याकाळी दाराशी उभा असायचा. तो टाळायला सहा आठवडे फक्त चारच भाज्या आणायच्या, त्या वेळी भरपूर येणाऱ्या. थंडी होती, त्यामुळे मटार, गाजर, कोबी, पालक. पाचवी भाजी आणायची नाही. बायकोची शंका रास्त होती की पोरं कंटाळतील. मी म्हटलं, कंटाळायला आधी ओळख तरी होऊ दे.

त्या ओळखीबद्दल पुढे थोडं वाचलं. जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना एकच नावडती भाजी सलग 14 दिवस रोज चाखायला द्यायला सांगितलं होतं. ज्या पालकांना नुसती पोषणाची माहिती दिली, त्यांच्या मुलांपेक्षा रोज चाखणाऱ्या मुलांची त्या भाजीची आवड आणि खाण्याचं प्रमाण जास्त वाढलं. त्याच्या बरीच आधी, 1987 मध्ये, लीअन बर्च यांच्या गटाने दाखवलं होतं की नवा पदार्थ मुलाला नुसता दिसून भागत नाही, जिभेला लागावा लागतो. हे वाचून मला जे वाटलं ते असं: 14 दिवस रोज एकच भाजी कोणत्या घरात होते? हंगामी भाजी आणणाऱ्या घरात आपोआप होते. तीच तीच भाजी येते म्हणून मोठे ज्याला कंटाळतात, तेच लहानांना लागतं. मला या सगळ्या प्रकरणात जर काही सापडलं असेल तर ते एवढंच.

पण हे कागदावर. पहिल्या आठवड्यात मटारची उसळ केली, ती तिने चमच्याने ताटाच्या कडेला ढकलली. दुसऱ्या दिवशी मटार घालून भात केला. तिने एकेक दाणा वेचून बाहेर काढला आणि ओळीत मांडला. 41 निघाले. तिनेच मोजले. मला राग आला होता, पण 41 पर्यंत न चुकता मोजल्याचं कौतुकही वाटलं, त्यामुळे ओरडायचं राहून गेलं.

कलाटणी चौथ्या दिवशी मिळाली, तीही ताटाबाहेर. पावणेसहा वाजले होते, बिस्किटं संपली होती. खरोखर संपली होती, त्यात काही युक्ती नव्हती. धाकटा खुर्चीत अडकवलेला, मी शेंगांचा ढीग टेबलावर ओतला आणि थोरलीला म्हटलं, "मला मदत कर, नाहीतर आज जेवायला आठ वाजतील." शेंग दाबली की टक्कन उघडते हे तिला भारी आवडलं. पाचव्या-सहाव्या शेंगेतला सर्वांत छोटा दाणा तिने तोंडात टाकला. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग दुसरा. वीस मिनिटांत तिने मूठभर कच्चे मटार खाल्ले. सातला ताटात तेच मटार आले तेव्हा म्हणाली, "बाबा, मी भाज्या खात नाही, तुला माहितीये ना?"

यात काही विसंगत नाही. शेंगेतला ताजा दाणा गोड असतो. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायला लागतं, आणि उबेत तर ते भराभर होतं. म्हणून दोन दिवस ओट्यावर पडलेले मटार पिठूळ लागतात. मी ते वर कुकरमध्ये दोन शिट्ट्या काढून शिजवत होतो. रंग गेलेला, साल सुटलेली, आतून लगदा. तिने नाकारला तो माझा मटार. शेंगेतल्या मटाराबद्दल तिची तक्रार नव्हतीच. तेव्हापासून मटार आणल्या दिवशीच सोलायचे, वापरायचे ते उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं आणि लगेच बाहेर. उरलेले दीड-दोन मिनिटं उकळून, गार पाण्यात टाकून, कापडावर कोरडे करून फ्रीझरमध्ये. न उकळता गोठवले तर त्यातली विकरं थंडीतही काम करत राहतात आणि महिन्याभरात चव गवतासारखी होते. हे मी एकदा करून पाहिलं आहे.

पावणेसहाची भूक मग आम्ही कायमची ताब्यात घेतली. बिस्किटांच्या जागी टेबलावर एक ताटली ठेवायची, तिच्यात त्या दिवशीची भाजी: सोललेले मटार, वाफवलेल्या गाजराच्या कांड्या, कोबीची आतली कुरकुरीत पानं. शेजारी दही. खायला सांगायचं नाही, ताटलीकडे बघायचंही नाही, कांदा चिरत राहायचं. भाजी संपली की जेवणाआधीचं खाणं संपलं. धाकट्याला यातलं सगळं चालत नव्हतं, ही कसरत वेगळी. कच्चं गाजर आणि अख्खा मटार दहा महिन्यांच्या बाळाच्या घशात अडकू शकतो. त्याच्यासाठी गाजर दोन बोटांत सहज चिरडेल इतकं मऊ वाफवलेलं, मटार चेपलेले. आणि दोघंही खुर्चीत बसलेलीच हवीत. तोंडात घास घेऊन पळापळ नाही. थोरलीने प्रेमाने भावाला कच्चा मटार भरवायचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा मी चाकू टाकून धावलो.

एकाच भांड्यात चौघांचं कसं करायचं, याची गाडी रुळावर यायला दोन आठवडे गेले. शेवटी रीत अशी बसली: भाजी शिजली की मीठ-तिखट पडण्याआधी धाकट्याचा वाटा काढायचा, मग मीठ, मग थोरलीचा वाटा, मग तिखट. आईला हे मान्य नव्हतं. "अळणी खाऊन कोणतं पोर वाढतं?" बायको शांतपणे म्हणाली, "आई, वर्षाचा होईपर्यंत वरून मीठ नको, त्याची मूत्रपिंडं लहान आहेत अजून." आईने मानलं, पण मग गाजर गोड लागावं म्हणून मधाची बाटली काढली. तिथे मात्र मला आवाज चढवावा लागला. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एका वर्षाखालच्या बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. आई दुखावली. दुसऱ्या दिवशी तिनेच गाजराचे लांब तुकडे थोड्या तुपात मंद आचेवर, वर झाकण ठेवून शिजवले. साखर नाही, मध नाही, गाजराचीच गोडी बाहेर आली. शिवाय गाजरातलं बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषलं जातं, त्यामुळे ते तूप वायाही गेलं नाही. धाकट्याने दोन्ही हातांनी खाल्लं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, पण भांडं मुद्दाम माझ्यासमोरून नेलं.

कोबीची गोष्ट वासाची. थोरली स्वयंपाकघरात यायच्या आधी नाक धरायची. मी याला नखरे समजत होतो. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली या कुळातल्या भाज्या जितका वेळ शिजतात तितके त्यांच्यातले गंधकाचे उग्र वास वाढत जातात. पहिल्या पाच मिनिटांत फारसं काही जाणवत नाही, त्यानंतर घरभर जाणवतं. आमचा कोबी झाकणाखाली वीस मिनिटं शिजत होता. केसासारखा बारीक चिरून, मोठ्या कढईत, चांगल्या तापलेल्या तेलात, न झाकता चार मिनिटं परतला तेव्हा तो जवळजवळ दुसरीच भाजी झाला. तिने नवव्या की दहाव्या खेपेला एक चमचा खाल्ला. "हा पांढरा कोबी चालेल," म्हणाली. तो तोच होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पालकात मी हरलो, आणि हरलो ते तिचं न ऐकल्यामुळे. ती पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती: "दातांना कसंतरी होतं." मी म्हणायचो, काही होत नाही, खा. एका रात्री तिचं उरलेलं मी नुसतंच, भाताशिवाय खाल्लं आणि दातांवर खडूची भुकटी फासल्यासारखं झालं. ते पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल. मला भाताबरोबर ते कधी जाणवलं नव्हतं, पोरगी मात्र नेमकं वर्णन करत होती. मग पालक आधी उकळत्या पाण्यात बुडवून, ते पाणी टाकून देऊन, अंड्यात घालून केला. त्याने फरक पडतो, पण तोवर तिचं मत झालं होतं. त्यात भर म्हणून मी तिला एकदा म्हटलं होतं, पालक संपव म्हणजे गोड मिळेल. याचा परिणाम उलटा होतो हे मला आता माहीत आहे: बक्षीस मिळवायला जे खावं लागतं ते नक्कीच वाईट असणार, असा साधा हिशेब मुलं करतात. 2006 सालच्या एका अभ्यासात "सूप संपव" असा आग्रह झालेल्या मुलांनी आग्रह न झालेल्यांपेक्षा कमी सूप प्यायलं आणि त्याबद्दल नावंही जास्त ठेवली. आमच्या घरी तो अभ्यास पालकावर पार पडला.

त्यानंतर आम्ही एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी घरात आणली. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. ऐकायला सोपं, पाळायला महाकठीण, विशेषतः आजी टेबलाशी बसलेली असताना. "अरे, उपाशी झोपेल ती!" एकदा झोपलीही, अर्धवट पोटाने. सकाळी दुप्पट खाल्लं. ताटात तिला चालणारं काहीतरी एक असेल, भात किंवा दही, एवढी काळजी आम्ही घेत होतो. त्यामुळे कोणी खरंखुरं उपाशी राहत नव्हतं.

प्रमाणाबद्दलची माझी भीतीही जरा उतरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनात दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला निदान 250 ग्रॅम फळं आणि भाज्या सांगितल्या आहेत. फळं धरून, आणि अख्ख्या दिवसाच्या. मी सगळा हिशेब रात्रीच्या एका ताटात बसवायला बघत होतो. काट्यावर तोलून पाहिलं तेव्हा तिचं केळं, संध्याकाळची ताटली आणि दुपारची काकडी मिळून निम्म्याहून जास्त वाटचाल आधीच झालेली निघाली. रात्रीच्या कोबीवर पोरीच्या आयुष्याचा भार नव्हता.

कष्टांबद्दल थोडं. हंगामी भाजी एकदम येते आणि एकदम खराब होते. पहिल्या पंधरवड्यात दोन पालकाच्या जुड्या काळ्या पडून फेकल्या. मग क्रम लावला: आणल्यावर पहिले दोन दिवस पालेभाजी, मग मटार, मग कोबी, गाजर शेवटी. पालेभाजी धुऊन ओली ठेवली की सडतेच. कोरड्या कापडात गुंडाळायची. गाजराचा पाला आणल्याबरोबर तोडायचा, नाहीतर तो मुळातलं पाणी ओढत राहतो आणि गाजरं चार दिवसांत लुळी पडतात. निवडणं-चिरणं मुलं झोपल्यावर, रात्री, वीस मिनिटं. हे काम आधी संध्याकाळी मी एकट्याने कडेवर पोर घेऊन करत होतो, ते आता दोघं मिळून, बसून, गप्पा मारत करतो. भाजीपेक्षा या वीस मिनिटांनी घर सुधारलं असं बायकोचं मत आहे. माझंही बहुधा तेच आहे.

पाचव्या आठवड्यात दोघांना ताप आला आणि सगळं विस्कटलं. आठ दिवस मऊ भात आणि पेज. बिस्किटांचा पुडा परत आला. त्यानंतर ताटली पुन्हा मांडली तेव्हा पहिले तीन दिवस थोरलीने हातही लावला नाही. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. चौथ्या दिवशी ती शेंगा सोलायला स्वतःहून येऊन बसली.

मध्ये एकदा नियम मोडून बीट आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याच्या लंगोटात लालभडक. बायकोचा फोन, मी कामावर, दोघांचेही हातपाय गार. मग तिलाच आठवलं की काल बीट होतं. काही जणांच्या लघवी-शौचात बीटाचा रंग तसाच उतरतो, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण बीट खाल्लेलं नसताना लाल दिसलं तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. चारच भाज्यांचा एक फायदा आम्हाला त्या दिवशी कळला: काय खाल्लं हे आठवायला सोपं.

नवव्या आठवड्यात मटार निब्बर यायला लागले, मग यायचे थांबले. सहाचे नऊ आठवडे कधी झाले ते कळलंही नव्हतं. गंमत म्हणजे ती शिजलेले मटार ताटातून खायला लागून जेमतेम दहा दिवस झाले होते. मला फार हळहळ वाटली. आईला अजिबात नाही. "गेले तसे येतील परत. तू कशाला रडतोस?" फ्रीझरमध्ये दोन डबे होते, ते पुरवून पुरवून महिनाभर चालले. मग उन्हाळी भाज्या आल्या, दुधी आणि भोपळा. ओळख परत पहिल्यापासून. यावेळी मात्र आम्हाला माहीत होतं की पहिले आठ-दहा नकार हा खर्चाचाच भाग आहे, आणि तिलाही माहीत होतं की कोणी मागे लागणार नाही. भोपळा सहाव्या खेपेला गेला. दुधीचा चिरल्यावर छोटा तुकडा आधी मी चाखायचो. कडू लागला तर अख्खा कचऱ्यात, कारण दुधी-काकडीच्या कुळातला तो कडूपणा विषारी असू शकतो. दुधी शेवटपर्यंत कडेलाच राहिला.

आता पुढच्या वर्षीचे मटार आले आहेत. थोरली साडेपाच वर्षांची झाली. गेल्या आठवड्यात पिशवी ओट्यावर ठेवली तशी स्टूल ओढून बसली आणि सोलता सोलता निम्मे खाऊन टाकले. रात्री भातातलेही खाल्ले, ओळीत न मांडता. पालकाचं नाव काढलं की अजूनही दातांवर जीभ फिरवते.

धाकटा बावीस महिन्यांचा आहे. गेल्या थंडीत दोन्ही हातांनी गाजर आणि चेपलेला मटार खाणारा हाच. परवा त्याच्या ताटात मटार वाढले, नेहमीसारखे चेपून. त्याने एक उचलला, बराच वेळ पाहिला, आणि खुर्चीवरून खाली टाकला. मग दुसरा. बहिणीने सांगितलं, "बाबा, हा भाज्या खात नाही." बायको पटकन म्हणाली, "असं नाही म्हणायचं. आज नको म्हणाला, एवढंच." मी कॅलेंडर उलटं केलं, तारीख घातली आणि लिहिलं: मटार, धाकटा, खेप पहिली.